पॉइंटांना वारस नसतो

गल्लीतली आशा धावत आली तेव्हा दुपारचा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ एवढी नेमकी आठवते, कारण ती दारातूनच "बाई, अक्का उठंनात हो... हलवून बघितलं, उठंनात" असं म्हणाली आणि मी तिच्याकडे न बघता आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. शेअर बाजार साडेतीनला बंद होतो. बाजार चालू असताना विमल झोपत नाही, हे इतक्या वर्षांच्या शेजारामुळे मला पक्कं माहीत होतं. त्यामुळे चपला पायात सरकवतानाच मला काय ते कळलं होतं. तिचं घर दोन घरं सोडून. तेवढं अंतर चालायला त्या दिवशी मला फार वेळ लागला. पुढच्या खोलीत, टेबलापाशी, खुर्चीत ती बसलेली होती, मान जराशी कलती, चष्मा नाकावर. डॉक्टर आले, हृदय म्हणाले. तामलवाडीहून तिचा भाचा दत्ता चार वाजता पोचला आणि दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. मी घरी आले, हातपाय धुतले आणि मग सुचेना की आता काय करायचं.

याला सहा आठवडे झाले. विमलबद्दल पुरवणीत छापून यावं असं तिनं काही केलेलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते. ती आमच्या लोहाऱ्याच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून होती, लग्न केलं नाही, नोकरी संपल्यावर शेअर आणि फंड शिकली आणि आमच्या गल्लीतल्या बायकांना शिकवले. एवढंच. पण माझ्या वयाच्या बाईला मैत्रीण एकदाच मिळते, आणि ती गेली की तिच्याबद्दल ऐकायला कुणी उरत नाही. मुलगा बेंगळुरूहून फोन करतो, "आई, जेवलीस का?" विचारतो. जेवते बाबा. त्याला विमल म्हणजे शेजारची मावशी. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमची ओळख भांडणातून झाली. माझे यजमान गेले त्या वर्षी मी वारस नोंदीचा अर्ज घेऊन कचेरीत गेले होते. मी शाळेत मराठी शिकवणारी, अर्ज कसा लिहायचा हे मुलांना शिकवणारी; आणि ह्या बाईनं माझा अर्ज तीनदा परत केला. एकदा सही चुकीच्या जागी, एकदा साक्षीदार अपुरे, एकदा काय तर कागदाची प्रत पुसट. मी मनातल्या मनात तिला जी नावं ठेवली ती इथं छापता यायची नाहीत. तिसऱ्या खेपेला तिनं मला बसायला खुर्ची दिली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, रागावू नका. तुमचे दीर दोनदा येऊन गेलेत हितं. कागदात एक बी फट राह्यली न्हाय पायजे, म्हणून परत पाठवलं. एकदा नीट झालं की पुन्हा कुणी तुमच्या दारात यायचं न्हाय." आणि खरंच पुन्हा कुणी आलं नाही. दिवाळीला मी तिच्या घरी अनारसे घेऊन गेले. पुढं तिनं आमच्याच गल्लीत घर घेतलं, आणि 'बाई'ची मी 'नलू' झाले.

कचेरीत तिची सगळी नोकरी जमिनीच्या कागदांत गेली. कुणी कुणाचा बांध कोरला, कुणाची वाट कुणी अडवली, मोजणी कुणाला मान्य, कुणाला नामंजूर. हातभर बांधापायी सख्ख्या भावांनी एकमेकांच्या लेकरांची लग्नं टाळलेली तिनं बघितली होती. त्यामुळे कागदावर तिचा जेवढा विश्वास तेवढाच माणसांवर अविश्वास. तरीही ती एकदा फसलीच. नोकरी संपल्याचे पैसे आले तेव्हा शहरातून टाय लावलेले एक गृहस्थ आले, चहा प्यायले आणि फंड आहे म्हणून पाच वर्षं हात न लावता येणारी विमा योजना तिच्या गळ्यात मारून गेले. दुसऱ्या वर्षी तिनं बारीक अक्षरातले खर्च वाचले. आठ दिवस ती कुणाशी बोलली नाही. नवव्या दिवशी माझ्याकडे आली ती हातात वही घेऊनच. "नलू, पस्तीस वर्षं लोकांचे कागद वाचले आन् सोताचा वाचला न्हाय. आता मीच शिकते, कुणी मधी नको."

डीमॅट खातं उघडायला तिला दोन महिने लागले. आधारवर ती 'विमलबाई', पॅनवर नुसती 'विमल', आणि शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव तिसऱ्याच तऱ्हेनं. आमच्याकडे बाईच्या नावाला 'बाई' चिकटवून टाकायची सवय आहे, कॉम्प्युटरला ती कळत नाही. सगळे कागद एकसारखे करून घेतल्यावर शेवटी मोबाईलसमोर चेहरा धरायची वेळ आली. मी शेजारी उभी. मोबाईल म्हणाला, डोळे मिचकावा. विमल ताडकन म्हणाली, "परक्याला डोळे कशाला मिचकावू?" मी हसून हसून खाली बसले. तिनं मला दटावलं, केस सारखे केले, आणि अर्ज देणाऱ्या माणसाकडे कचेरीत बघायची तशी मोबाईलकडे बघत दोनदा डोळे मिटले. खातं उघडलं. त्यानंतर गल्लीतल्या नऊ बायकांचे आधार, पॅन आणि पासबुकावरचं नाव तिनं एक करून दिलं, आणि कुणाकडून चहाशिवाय काही घेतलं नाही.

शनिवारी बाजार बंद, म्हणून शनिवारी दुपारी तिच्या पुढच्या खोलीत बैठक भरायची. अंगणवाडीतल्या दोघी, बचत गटाच्या चार-पाच, आशा, आणि कोपऱ्यात टीकाकार म्हणून मी. विमलची शिकवण्याची तऱ्हा माझ्यापेक्षा चांगली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. "ब्रोकर म्हंजे आपल्या मोंढ्यातला आडत्या," ती सांगायची. "सोयाबीन इकून देतो, आडत घेतो. पण पोती काय त्याच्या घरात ठेवता व्हय? गोदाम येगळं असतं. डीमॅट म्हंजे गोदाम. आडत्या उद्या पळून गेला तरी गोदामातला माल आपला. महिन्याला गोदामवाल्याचा हिशोब ईमेलवर येतो, त्यो आडत्याच्या हिशोबाशी लावून बघायचा." आशानं विचारलं, गोदामाची किल्ली कुठली? "ओटीपी. ती कुणालाच द्यायची न्हाय. नवऱ्याला बी न्हाय." यावर खोलीत जो हशा पिकला त्यात काही जणींचा हसण्याचा आवाज जरा जास्तच मोकळा होता. आणि ज्या खात्यात वर्षभर काही व्यवहार नाही ते बंद करून टाकायचं, कारण गोदामाचं भाडं रिकाम्या गोदामालाही लागतं, हेही तिनं प्रत्येकीला करायला लावलं.

फंडाच्या बाबतीत ती त्याहून कडक. फंड घ्यायचा तर 'डायरेक्ट' लिहिलेला घ्यायचा, नाहीतर मधल्या माणसाचं कमिशन दर वर्षी आपल्याच पैशातून जातं. वर्षाच्या आत काढला तर बऱ्याच फंडांत बाहेर पडायचा दंड बसतो, म्हणून दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा त्यात घालायचाच नाही, लेकीच्या लग्नाचा तर मुळीच नाही. दुपारी तीनच्या आत पैसे पोचले तर त्या दिवसाचा भाव, नंतर पोचले तर दुसऱ्या दिवसाचा. स्वतः विमल मात्र बाराच्या आतच सगळं करायची, "आपल्याकडं लाईट आन् रेंज कवा जाईल त्याचा नेम न्हाय." एकदा बाजार धाडकन पडला आणि मी माझा दरमहाचा हप्ता थांबवायला निघाले. ती म्हणाली, "ज्वारी स्वस्त झाली तर पोतं कमी घेतीस का जास्त?" मी म्हटलं, ज्वारी खाता तरी येते. पण हप्ता थांबवला नाही. आशाच्या नवऱ्याला कुणीतरी शेअर बाजारातल्या ऑप्शनचं वेड लावलं होतं, एका दिवसात दुप्पट म्हणून. विमल त्याच्या घरी गेली आणि ओट्यावरूनच म्हणाली, "त्यो मटका हाय. आकडा मोबाईलवर लागतो एवढंच." तो चार दिवस रुसला, मग त्यानं ते ॲप काढून टाकलं.

फंडाचा भाव रोज बघू नये असं ती सगळ्यांना सांगायची, आणि स्वतः सव्वानऊ ते साडेतीन त्या टेबलापाशी बसून बघायची. मी एकदा खोचकपणे विचारलं, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान... तू का बघतीस मग?" ती मोबाईलवरून डोळे न काढता म्हणाली, "मला दुसरं काय काम हाय?" मी विषय बदलला. आता वाटतं, बदलायला नको होता.

क्रेडिट कार्डाची गोष्ट त्यानंतरची. पेन्शनवाली, साठी उलटलेली आणि पत्ता लोहाऱ्याचा. अशा बाईला कार्ड द्यायला बँका तयार होईनात. विमलनं मार्ग काढला. मुदत ठेव ठेवायची आणि तिच्यावर कार्ड घ्यायचं, मग बँक नाही म्हणत नाही आणि ठेवीचं व्याजही चालू राहतं. कार्ड आलं. कुरिअरवाला एसटी स्टँडवरूनच फोन करून "येऊन घेऊन जावा" म्हणाला, तेव्हा आम्ही दोघी जाऊन घेऊन आलो. आणि मग लक्षात आलं की लोहाऱ्यात कार्ड घेणारी ठिकाणं दोन, एक पेट्रोल पंप आणि एक औषधाचं दुकान. विमलकडे गाडी नव्हती आणि तिला कधी साधा ताप आलेला मी बघितला नव्हता. मी म्हटलं, "घे आता, आंधळ्याच्या हाती आरसा." तिनं दोन दिवस विचार केला आणि सगळ्या गल्लीची लाईट बिलं आपल्या कार्डावर भरायला सुरुवात केली. बाया बिल आणि रोख पैसे घेऊन यायच्या, ती मोबाईलवर बिल भरायची, दुसऱ्या दिवशी रोख बँकेत टाकायची, आणि कार्डाचं बिल मुदतीच्या आठ दिवस आधी पूर्ण फेडायची. 'किमान रक्कम' असा एक रकाना असतो, त्याच्याकडे बघायचं सुद्धा नाही. कार्डानं एटीएममधून पैसे काढायचे नाहीत, कारण त्याच दिवसापासून व्याज चढतं. मोठी खरेदी करायची तर बिलाची तारीख उलटल्यावर करायची म्हणजे फेडायला भरपूर दिवस मिळतात. हे सगळं मला पाठ आहे, आणि माझ्याकडे कार्ड नाही.

बिलं भरली की बँकेकडून बक्षिसाचे पॉइंट मिळायचे. त्या पॉइंटांवर मिक्सर, बॅगा, चादरी घेता येतात, पण तो सगळ्यात तोट्याचा व्यवहार, असं विमल म्हणायची. पॉइंटांची खरी किंमत विमानाच्या तिकिटात. आणि विमान तिच्या डोक्यात आधीपासून होतं. दुपारी आमच्या गच्चीवरून विमानं जाताना दिसतात, अगदी उंचावर, सुईएवढी. कुठलं विमान कुठून कुठे चाललंय हे सांगणारं एक ॲप तिनं मोबाईलवर घेतलं होतं. "नलू, हे बघ, हैदराबाद-पुणे. बरोब्बर आपल्यावरून जातंय." मी वाळवण उचलत "जाऊ दे" म्हणायची.

एका शनिवारी, सगळ्या बायका बसलेल्या असताना, तिनं जाहीर केलं की पॉइंट जमले की ती आणि मी हैदराबादहून पुण्याला विमानानं जाणार. मला आधी काही बोलली नव्हती. मी सगळ्यांसमोर विचारलं, "म्हणजे बघ हं. इथून हैदराबादपर्यंत एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यायची. तिथं विमानात बसायचं. ते विमान लोहाऱ्यावरून जाणार. पुण्यात उतरायचं आणि परत दिवसभर एसटीनं लोहाऱ्याला. घरून निघायचं, घरावरून जायचं आणि घरीच यायचं! विमल, ह्याला द्राविडी प्राणायाम म्हणतात." खोली हसून कोसळली. मला टाळ्या आवडतात, शिक्षिकेची खोड आहे ती. विमलही हसली, पण सगळ्यांच्या नंतर. मग म्हणाली, "जल्मभर बांधाचीच भांडणं बघितली. नकाशावर नुसती रेघ असती. खरा बांध वरून कसा दिसतो ते एकदा बघू वाटतंय, दुसरं काय न्हाय." मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "काय दिसणार? ठिगळं लावलेली गोधडी." पुन्हा हशा. तिनं वही मिटली. "बरं. मग तू सांग कुठं जायचं. तू म्हणशील तिथं जाऊ. मला खिडकी पायजे, बास."

मी म्हटलं, सांगते की.

त्याला तीन वर्षं झाली. दर दोन-तीन महिन्यांनी ती विचारायची, कधी चहा घेताना, कधी भाजी निवडताना, सहज विचारल्यासारखं. "मग, ठरलं का काय?" आणि मी म्हणायची, ऊन उतरू दे. गुडघा बरा होऊ दे. सून बाळंत होऊ दे. तुळजापूरचं नवरात्र होऊन जाऊ दे, त्या दिवसांत कुठं बाहेर पडायचं. जयपूर म्हटलं आणि लांब आहे म्हणून मोडलं. कोची म्हटलं आणि पाऊस म्हणून मोडलं. तिनं कधी वाद घातला नाही. "बरं" म्हणायची. वाचकहो, कारण साधं होतं. मला विमानाची भीती वाटते. मुलानं दोनदा तिकीट काढून देतो म्हटलं, तेव्हाही मी रात्रभर बसमध्ये आंबून बेंगळुरूला गेले. पण ज्या बाईच्या विमानाला मी भर सभेत हसले, तिला आता कुठल्या तोंडानं सांगू की बाई गं, मला भीती वाटते? नुसतं एक वाक्य होतं. मी ते तीन वर्षं गिळलं आणि तिला नवीनवी कारणं देत राहिले. मी माझ्या मैत्रिणीशी खोटं बोलले, असं स्पष्ट लिहिते, म्हणजे निदान इथं तरी फट राहणार नाही.

मध्येच बँकेनं नियम बदलले, लाईट बिलावर पॉइंट देणं बंद केलं. मला हे विमलनंच सांगितलं. मी म्हटलं, चला, सुटलीस, आता ती बिलांची कटकट बंद कर. ती म्हणाली, "कशाला? भरते की. बाया येतात, घटकाभर बसतात." आणि बिलं चालूच राहिली; पॉइंटांसाठी बायांचे मोबाईल रिचार्ज आणि ऑनलाईन मागवायचं सामान तेवढं कार्डावर वाढलं. तिच्या घरी बाया येत होत्या त्या बिलासाठी, आणि ती बिलं भरत होती ती बायांसाठी. दोन घरांवर राहून हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मी साडेतीनला तिच्याकडे चहाला जात होते, तेवढ्यानं माझं कर्तव्य संपत होतं.

पॉइंटांनाही मुदत असते. जुने मरतात, नवे येतात. मरायला टेकलेल्या पॉइंटांवर ती नाइलाजानं काहीतरी घेऊन टाकायची, स्वतःच्याच नियमाविरुद्ध. आशाकडचा मिक्सर तसा आला. अंगणवाडीतली भिंतीवरची घड्याळं तशी आली. माझ्या पलंगावर जी निळी चादर आहे तीही. तेव्हा मी तिला चिडवलं होतं, "तुझी विमानं आमच्या घरात उतरतायत बघ." आता त्या चादरीवर मला झोप लागत नाही, आणि ती काढून ठेवायलाही होत नाही...

दत्ता तेराव्यानंतर तीन आठवडे इथं राहिला. साधा माणूस, तामलवाडीला शेती, मोबाईलवर पैसे पाठवण्यापलीकडे काही माहीत नाही. तो धास्तावला होता की मावशीच्या एवढ्या भानगडी कशा निस्तरायच्या. पण टेबलाच्या खणात फाईल होती. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मी गेल्यावर दत्तानं काय करावं'. कुठल्या ब्रोकरकडे खातं, कुठला फंड, कुठं नॉमिनी म्हणून त्याचं नाव आहे, मृत्यूच्या दाखल्याच्या किती प्रती काढायच्या, कुठल्या अर्जावर कुणाची सही लागते, कार्ड आधी बंद करायचं आणि मग त्याखालची ठेव मोडायची. पाच आठवड्यांत सगळं त्याच्या नावावर झालं. "बाई, मला डोकं लावावंच लागलं न्हाय," तो म्हणाला, आणि मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र राग आला होता. इतकं नीटनेटकं कुणी मरतं का? माझ्यासाठी तिनं एक अर्ज लिहायचा ठेवला नव्हता, एक फेरी मारायची ठेवली नव्हती.

म्हणून कार्ड बंद करायच्या फोनसाठी मीच हट्टानं दत्ताच्या शेजारी बसले. सगळं सांगून झाल्यावर मी फोन हातात घेतला आणि विचारलं, त्यांच्या पॉइंटांचं काय? पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "कार्डधारक हयात नसतील तर पॉइंट रद्द होतात, मॅडम." मी म्हटलं, वारसाला मिळत नाहीत? शेअरला नॉमिनी असतो, फंडाला असतो, ठेवीला असतो. "नाही मॅडम. आमच्याकडे पॉइंटांना नसतो." बँकेबँकेत नियम वेगळे असतील, ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी आपापल्या बँकेला विचारून घ्यावं. विमलनं हे नक्की सांगितलं असतं म्हणून सांगते. मी त्या मुलीला 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला.

दत्ता गावी गेला, किल्ली माझ्याकडे देऊन. पुढच्या महिन्यात घरात भाडेकरू येणार आहेत. जाताना तो म्हणाला, फाईलमधले कार्डाचे जुने कागद आता कशाला लागत नाहीत, फाडून टाका. मी फाडण्याआधी वाचले, हे विमलनं शिकवलेलं. दर महिन्याच्या बिलाचा कागद छापून घेतलेला, आणि पॉइंटांच्या आकड्यापुढे पेन्सिलनं बारीक टिपण. पहिल्या वर्षाच्या शेवटच्या कागदावर लिहिलं होतं, 'एक तिकीट झालं'. म्हणजे ती शनिवारची सभा व्हायच्या आधीच तिच्या एकटीपुरते पॉइंट जमले होते. कुठल्याही आठवड्यात उठून ती एकटी जाऊन आली असती. त्यानंतर दर दोन-चार महिन्यांनी 'दोन झाली', मग काही पॉइंट मेले की 'दीड', मग पुन्हा 'दोन'. शेवटच्या कागदावर 'दोन' होतं. मी ते कागद फाडले नाहीत.

काल दुपारी मी तिच्या खोलीत गेले, तिच्या खुर्चीत बसले आणि मोबाईलवर तिकिटाचं ॲप उघडलं. कुठून? हैदराबाद. कुठे? पुणे. तीन वर्षं जे उत्तर देता आलं नाही ते लिहायला अर्धं मिनिट लागलं. प्रवाशांच्या रकान्यात 'एक' असं आधीच लिहून येतं. दोन हवे असतील तर बोटानं वाढवावे लागतात. मी बोट लावलं नाही. मग विमानातल्या खुर्च्यांचा नकाशा आला आणि मी अडले. दोन्ही बाजूंना खिडक्या. लोहारा कुठल्या खिडकीतून दिसणार? मी भूगोल शिकवलेला नाही. ज्या बाईला हे क्षणात सांगता आलं असतं तिच्याच खुर्चीत मी बसले होते. मोठ्यानं बोलले की काय कुणास ठाऊक, कारण दार उघडं बघून सवयीनं लाईट बिल घेऊन आलेली आशा म्हणाली, "उजवीकडच्या, बाई."

मी मागे बघितलं. तिला कसं ठाऊक?

"अक्कांनी सांगितलं होतं की. लई येळा सांगायच्या. पुण्याकडं जाताना लोहारा जरा उजव्या हाताला येतो, म्हणून त्या उजवीकडच्या खिडकीत बसणार. आन् तुम्हाला वाटंकडची शीट. बाईला खिडकीत बसवायचं न्हाय म्हणायच्या, बाई भेत्यात."

"मी भिते हे तिला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे?" आशा म्हणाली. "तुम्ही गच्चीच्या कठड्यापाशी कधी येता व्हय? अक्का म्हणायच्या, ती आपणहून म्हणू दे. म्हणली की निघायचं."

आशा बिल आणि पैसे टेबलावर ठेवून गेली. विमलला सगळं माहीत होतं. मला कुठं बसवायचं हेसुद्धा ठरवलेलं होतं. मी तोंड उघडण्याची तेवढी ती वाट बघत होती, दोन तिकिटांचे पॉइंट धरून, मेले की पुन्हा जमवून. आणि तिला कधी वाटलं असेल का, की मी आपल्याला टाळतेय? हे आता कुणाला विचारू? मी रडले, आणि मग रडण्यात वेळ गेल्यानं ॲप बंद पडलं म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून भरलं.

पैसे पूर्ण मोजून भरले, पॉइंट नव्हतेच. खिडकीचे जास्तीचे पडले. उजवीकडची घेतली, पंखाच्या बरीच पुढची. पुढच्या महिन्यात जायचं आहे, रब्बीची काढणी होऊन रानं मोकळी झालेली असतील, बांध दिसतील. मला अजूनही भीती वाटते. नकाशावर माझ्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या सध्या रिकाम्या दिसतात. विमान निघेपर्यंत तिथं कुणीतरी अनोळखी येऊन बसेल.